लाइट गेली की गप्प होणारी हाक

आजीला वेड लागलंय, असं विश्वजीतकाका उघडपणे म्हणाले नाहीत. मोठी माणसं असल्या गोष्टी उघडपणे म्हणतच नाहीत. फराळाचं ताट पुढे ओढत ते एवढंच म्हणाले, की भाऊबीज झाली की आईला नांदेडला डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि तिथून परस्पर संभाजीनगरला आत्याकडे ठेवायचं. एकटीनं स्वयंपाकघरात वावरणं आता तिला झेपत नाही.

नीलांबरीच्या हातातली चकली हातातच राहिली. ती आणि तिचा धाकटा भाऊ मुकुल दिवाळीच्या सुट्टीला हिंगोलीहून गोरेगावला आले होते, आणि आजीशिवायचं गोरेगाव म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेतातली बोरं, चुलीवरची भाकरी, अंगणातली झोप, सगळं आजीमुळे होतं. काकांचं खत-बियाण्यांचं दुकान आपल्या जागी ठीक होतं, पण युरियाचा वास घ्यायला सुट्टीत कोण येतं?

दुपारी आजीनं नीलांबरीला मागच्या अंगणात गाठलं. गंगूताई म्हणजे एरवी अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई, पण आज तिचा आवाज खाली आला होता.

"नीले, मी येडी न्हाई गं. तुझे आजोबा हाका मारून राहिलेत मला. दसऱ्यापासून चाललंय. दिवेलागणीला 'गंगू' म्हणतात, मग काहीबाही पुटपुटतात, अन् शेवटी 'येतोच' म्हणतात. मला न्यायला येऊन राहिलेत का गं?"

आजोबांना, म्हणजे व्यंकटरावांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. नीलांबरीच्या अंगावर काटा आला. पण तिनं आजीचा हात घट्ट धरला आणि मनाशी ठरवलं, की भाऊबीजेच्या आत हे काय ते शोधून काढायचंच.

शेजारची ऐश्वर्या या कामाला हवीच होती. तिच्या घरी भूत, भानामती, नजर यातलं काहीच मानत नसत. तिचे वडील भीमराज तर अंधश्रद्धेवर गावोगाव भाषणं देत. साहजिकच ऐश्वर्याला भुताची भीती वाटायची सोयच नव्हती, वाटली तरी ती सांगणार कुणाला?

सोयाबीनच्या पोत्यांवर बसून तिघांची बैठक झाली. हाक ऐकली होती ती फक्त आजीनं. दिवेलागणीला शेतकरी शेतातून परततात आणि दुकानात गर्दी उसळते. त्या वेळी काका आणि शिलाकाकू दोघंही पुढे गुंतलेले असतात. एका संध्याकाळी मात्र काका मुद्दाम आजीजवळ स्वयंपाकघरात येऊन बसले होते. तेव्हा कुणीच हाक मारली नाही, आणि तिथेच त्यांची खात्री पटली, की आईच्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय.

"ती कोणती संध्याकाळ?" ऐश्वर्यानं विचारलं.

मुकुलनं आजीला विचारून आणलं. विजेची डीपी जळाली होती, गावात लाइट नव्हती, काका कंदील घेऊन बसले होते.

ऐश्वर्या पोत्यावर सरसावून बसली. मग म्हणाली, "लाइट गेली की गप्प बसणारं भूत मी तरी पहिल्यांदाच ऐकून राहिले."

त्या संध्याकाळी तिघं आजीजवळ जाऊन बसली. घराची रचना आगगाडीच्या डब्यांसारखी होती, पुढे दुकान, मध्ये कोठी, मागे स्वयंपाकघर, आणि जायला-यायला बाजूचा बोळ. कोठी म्हणजे धान्याची अंधारी खोली. आजोबा गेल्यावर त्यांचे कपडे, काठी, टाळ तिथेच ठेवून आजीनं कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती. तेव्हापासून त्या दाराकडे कुणी फिरकलं नव्हतं.

आजीनं देवापाशी दिवा लावला. बाहेरची गुरं गोठ्यात गेली. दुकानातला गलका दोन भिंतींपलीकडून बारीक ऐकू येत होता. चुलीतलं लाकूड तडकलं तसा मुकुल दचकला. आणि मग, कोठीच्या बंद दाराआडून, म्हाताऱ्या, किंचित खरखरीत आवाजात कुणीतरी म्हणालं,

"गंगू..."

मुकुलनं बहिणीचा दंड असा पकडला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं. आवाज आजोबांचाच होता. लहानपणी याच आवाजानं दोघांना पाढे म्हणायला लावले होते. पुढचं बोलणं जाड दारामुळे कळत नव्हतं, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं ते घुमत होतं. शेवटचा शब्द तेवढा स्पष्ट आला. "येतोच."

मग सगळं शांत झालं. दाराच्या खालच्या फटीतून निळसर उजेड क्षणभर दिसला आणि विझला. भूत न मानणाऱ्या ऐश्वर्याच्या कपाळावर घाम होता. आजी मात्र रडत होती, आणि रडता रडता हसतही होती. आपल्याशिवाय आणखी कुणीतरी ते ऐकलं, एवढंच तिला पुरे होतं.

मुलं तशीच काकांकडे धावली. काकांनी गिऱ्हाइकाची पावती फाडता फाडता ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आजीच्या नादी लागून तुम्हीही भ्रमिष्ट व्हाल, उद्यापासून संध्याकाळी पटांगणात खेळायला जा.

रात्रभर नीलांबरीच्या डोळ्यांपुढे तो निळा उजेड होता, वायफायच्या डब्यावर लुकलुकतो तसा. सकाळी ती आईचा जुना फोन घेऊन कोठीच्या दाराशी गेली. घरात एकच वायफाय असायला हवं होतं, पण फोनवर दोन नावं दिसत होती. एक नेहमीचं, मेश राउटरचं. दुसरं आकड्यांचं लांबलचक नाव, नेट देणाऱ्या कंपनीनं आपल्या डब्याला चिकटवून दिलेलं.

"हे तर बाबांनी बंद केलं होतं," ती म्हणाली.

दोन दिवाळ्यांमागची गोष्ट तिला नीट आठवत होती. कंपनीचा हब, म्हणजे नेटचा तो डबा, दुकानात, कोठीला लागून असलेल्या भिंतीवर होता. कोठीपर्यंत त्याचं वायफाय कसंबसं पोचायचं, स्वयंपाकघरात अजिबात नाही. आजीला तिथे बसून व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून बाबांनी मेश राउटरचे पांढरे डबे घरभर लावले. ते लावताना त्यांनी तिला शेजारी बसवून समजावलं होतं, की हा हब दोन कामं करतो, बाहेरून नेट आत आणतो आणि ते घरात वाटतो. वाटायचं काम आता मेश करणार, म्हणून हबला नुसता मोडेम करून ठेवायचा. पाणी आणणाऱ्यानं पाणी आणावं, वाढणाऱ्यानं वाढावं, दोघांनी पंगतीत घुसू नये.

मग हब पुन्हा वाढायला कुणी उठवला?

तिघं दुकानात गेली. हब पाहून ऐश्वर्याला हसू आवरेना. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर वाळलेला झेंडू. खंडेनवमीला काकांनी वजनकाटा, प्रिंटर, कॉम्प्युटर यांच्यासोबत त्याचीही पूजा केली होती. आदल्या वर्षी आजोबांच्या दुःखात पूजा झालीच नव्हती, म्हणून यंदा सगळ्यांना दुप्पट कुंकू मिळालं होतं.

नीलांबरीनं साळसूदपणे विचारलं, "काका, या बारीक भोकात कुंकू नाही गेलं?"

"गेलं होतं ना," काका अभिमानानं म्हणाले. "उदबत्तीच्या काडीनं चांगलं दाबून दाबून साफ केलं. आपलं काम कसं असतंय, चकाचक. नंतर जरा वेळ नेट बंद पडलं, पण आलं बराबर आपोआप."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या भोकाच्या तळाशी बटण असतं. ते दाबून धरलं की डबा शिकलेलं सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. काकांनी त्याची पूजाही केली आणि स्मरणशक्तीही पुसली. हबनं आपलं जुनं वायफाय पुन्हा पसरलं होतं, आणि त्या जुन्या नावाची वाट पाहत कोठीत काहीतरी बसलं होतं.

"आजोबांचा भजनाचा स्पीकर," मुकुल एकदम म्हणाला. "हिंगोलीहून मीच त्यांच्यासोबत आणला होता की."

तो त्याच दिवाळीत आणला होता, आणि वायफाय जेमतेम तिथवरच पोचायचं म्हणून कोठीच्या फडताळात ठेवला होता. नंतरच्या दोन दिवसांत बाबांनी मेश लावला, आणि त्याच आठवड्यात आजोबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. मग स्पीकरची आठवण कोण ठेवणार?

आता काकांना कोठीत आणायचं होतं. भुताच्या नावानं ते येणार नाहीत, हे कळून चुकलं होतं. म्हणून दिवेलागणीला ऐश्वर्या दुकानाच्या दारात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, की कोठीत उंदीर शिरलेत, दुकानातली बियाण्याची पोती भिंतीपलीकडेच आहेत ना? काका भर गर्दीतून काठी घेऊन धावत सुटले.

आजीनं किल्ली काढून दिली होती आणि ती काकांच्या पाठीशीच उभी होती. दार कुरकुरत उघडलं. आत जुन्या धान्याचा आणि कापराचा वास होता. खुंटीवर आजोबांचा कोट टांगलेला, अंधारात कुणी पाठमोरं उभं असावं तसा. काकांनी काठी उगारली आणि विचारलं, "कुठं हायेत उंदीर?"

फडताळात, घडी घातलेल्या धोतराखाली, निळा उजेड पेटला.

"गंगू, दिवे लागले. बीपीची गोळी घे. विसरभोळी हाईस तू. मी नरसीला भजनाला गेलोय, आरती झाली की येतोच."

काकांच्या हातातली काठी गळून पडली. भरल्या घराचा कर्ता माणूस, पण त्यांनी आईचा पदर धरला होता. नीलांबरीनं पुढे होऊन धोतर उचललं. खाली मुठीएवढा स्पीकर लुकलुकत होता, त्याची वायर अजून भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली होती.

मग तिनं सगळं सांगितलं, मोडेम, मेश आणि उदबत्तीच्या काडीसकट. रोज दिवेलागणीला वाजावा म्हणून आजोबांनी हा निरोप फोनवरून आपल्या आवाजात स्पीकरमध्ये भरला होता, आणि जुनं वायफाय परत मिळताच तो पुन्हा बोलू लागला होता. काका पोत्यावर बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आई, मी तुला येडी ठरवून मोकळा झालो. माझंच चुकलं." नांदेडची गोष्ट तिथेच मिटली. शिलाकाकूनं तिन्ही मुलांना जवळ घेतलं, आणि भीमराजकाकांनी येऊन ऐश्वर्याची पाठ थोपटली. पुढच्या भाषणात हेच सांगणार म्हणाले. मुकुलनं आपण घाबरल्याचा भाग गाळायची विनंती केली.

रात्री बाबांना फोन लावून नीलांबरीनं हबला पुन्हा नुसता मोडेम केलं. जुनं वायफाय विझलं, आणि त्याबरोबर स्पीकरही मुका होणार हे तिच्या लक्षात आलं. तिनं आजीला विचारलं, राहू द्यायचा का बंद?

आजी फडताळाकडे पाहत राहिली. "दोन वरसं झाली, त्यांचा निरोप दाराआड पडून व्हता," ती म्हणाली. "अन् मी त्याला भ्याले."

आजोबांचा फोन काका दुकानासाठी वापरत होते. नीलांबरीनं त्यातूनच स्पीकरला मेशची ओळख करून दिली आणि तो कोठीतून काढून स्वयंपाकघरात, गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळे तिथेच बसले होते. दिवे लागले. स्पीकर उजळला आणि आजोबा नेहमीसारखे बोलले. मुकुलच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण या वेळी त्यानं कुणाचा दंड पकडला नाही.

आजीनं पाण्याचा घोट घेतला, गोळी गिळली आणि पदर सावरत म्हणाली, "घेतली हो. तुमी या सावकाश."