सवतीचं पाणी

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर गुदरली ती इंदू माझ्या आईची सख्खी मावशी, आणि थापा मारणाऱ्यांतली ती नव्हती.

निजामाचं राज्य जायला दोन-तीन वर्षं उरली होती. गाव धर्माबाद. वैशाखातली भर दुपार.

जळकोटची इंदू शेषेरावाला दिली ती दुसरेपणावर. पहिली साखराबाई तापाने गेलेली. रिवाजाप्रमाणे मंगळसूत्राबरोबर इंदूच्या गळ्यात सवतीचा टाक आला. मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा ठसा. रोज आधी त्याला हळदकुंकू, मग स्वतःला.

मेली ती मेली, वर गळ्यात येऊन बसली. इंदूचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेषेराव तेलगिरणीत वीजमिस्त्री. राहायची खोली गिरणीच्याच आवारात. दारासमोर उघड्यावर स्विचची मोठी लोखंडी पेटी होती आणि तिची तांब्याची तार शेजारच्या खड्ड्यात पुरलेली. खड्ड्यात कोळसा नि मीठ. पेटीत कुठे करंट फुटलाच, तर तो त्या वाटेने जमिनीत जिरायचा. पण माती ओली हवी.

"उन्हाळ्यात रोज घागरभर पानी वतायचं," शेषेराव म्हणाला. "माती वाळली की पेटी मानूस खाती. साखरा कदी इसरली न्हाई."

साखरा, साखरा, साखरा.

दुसऱ्या दिवशी इंदूने मुद्दाम घागर उचललीच नाही. ओतेल स्वतः, नाहीतर बोलावेल त्या साखराला.

संध्याकाळी पाहिलं, तर...

खड्डा ओला.

"तुमी पानी वतलं का?"

"मी कशाला? तूच तर वतून राहिलीस."

मग कोण? इंदूच्या मनात भलतंच आलं. गिरणीतलीच कुणीतरी बाई असणार. दुपारी जेवणासाठी गिरणीचं वीज करणारं इंजिन बंद झालं, तशी ती दाराआड दबा धरून बसली.

सगळं गप्प. कावळासुद्धा नाही.

आणि मग... दगडावर घागर टेकल्याचा आवाज.

पाणी ओतल्याचा आवाज.

आवारात कुणीच नव्हतं. खड्ड्यातली माती मात्र तिच्या डोळ्यांदेखत काळी होत गेली. आणि गळ्यातला टाक... गार पडला होता. ओला.

भीती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर. मेल्यावरही हिलाच माझ्या नवऱ्याची काळजी?

तिने टाक हिसकून तोडला आणि आवारातल्या आडात फेकला.

"जा. आता त्यो माजा हाय."

दुसऱ्या दुपारी खड्डा कोरडा होता. इंदूला बरं वाटलं. आता आपण ओतू, आपल्या हाताने. ती आडावर गेली, पोहरा सोडला.

दोर संपला. पाण्याचा आवाज आला नाही.

पोहरा वर आला... कोरडा.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. पण आडात पाणी होतं. खाली चमकताना दिसत होतं. तिने पुन्हा सोडला. पुन्हा कोरडा.

मागे इंजिन सुरू झालं.

"पेटीला हात लावू नका," ओरडत ती धावली. इंजिनाच्या धडधडीत कुणाला काय ऐकू जाणार? शेषेरावाचा हात पेटीवर होता. तो सुटला, तेव्हा शेषेराव उरला नव्हता.

तेराव्यानंतर इंदू खोलीतलं सामान न्यायला आली. कुलूप तिनेच लावलेलं, किल्ली तिच्याच कनवटीला.

दुपारच होती. किल्ली फिरवणार, तोच आतून...

ताट मांडल्याचा आवाज.

घागर टेकल्याचा आवाज.

आणि शेषेरावाचा तृप्त आवाज, "आनखी वाढ."

तिने कुलूप काढलंच नाही. सामान तिथेच राहिलं.

इंदूमावशी हे सांगायची तेव्हा तिचा हात रिकाम्या गळ्याशी जायचा. तू भ्यायली असशील, असं मी एकदा म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ती नजर आजही आठवली की मला दुपारी एकट्याने जेवायला बसवत नाही.

"भ्याले कशाची?" ती म्हणाली. "माज्या हातचं त्यानं कदी मागून घेतलं न्हाई."