अल्बेनाला मनाई

धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरची बेकरीसुद्धा दिसेना. अल्बेनाने दुकानाच्या दारावर कागद चिकटवला, 'कॉम्प्युटर रुसलाय, आज बंद', आणि ती वळणार तोच धुक्यातून एक हात पुढे आला. त्याने तो कागद सरळ केला.

"तिरका लागला होता," आवाज आला. "कशावरून रुसलाय?"

तिने वळून पाहिलं. राखाडी मफलरवाला... रोज संध्याकाळी काचेपलीकडून जाणारा. वर्षभर तिने त्याला नुसतं पाहिलं होतं, नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

"फाइल उघडायला गेलं की म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही."

"स्वतःच्याच दुकानात? कमाल आहे. बघू का? शाळेत हेच शिकवतो मी. दोब्री."

आत भिंतभर चेहरे होते. त्र्यावना गावात माणूस गेला की त्याचं फोटोसकट शोकपत्रक दारादारांवर लागतं. मग पुन्हा चाळीस दिवसांनी, पुन्हा सहा महिन्यांनी. गावाची ही पत्रकं अल्बेनाचे वडील मिन्चो छापायचे. उद्या त्यांनाच जाऊन सहा महिने होत होते. त्यांचा हसरा फोटो एकुलता एक, तोही या कॉम्प्युटरात अडकलेला. उद्या सकाळी दार कोरं राहिलं तर गाव म्हणणार, पोरगी बापाला विसरली. गावाचं मेलं काय एवढं, पण तिचं तिलाच ते सोसणार नव्हतं.

"यातलं काही पुसलंत?" दोब्रीने खुर्ची ओढली.

"बाबांचं खातं. मावसभाऊ म्हणाला, काढून टाक, मशीन हलकं होईल."

"भावाला माझा साष्टांग नमस्कार सांगा." फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी... त्याची बोटं भराभर चालली. "हं. हा बघा मालक."

मालकाच्या जागी नाव नव्हतंच. एक लांबलचक आकडा, आणि त्यापुढे 'अनोळखी खाते'.

अल्बेनाला एकदम भडभडून आलं. "बाबा... अनोळखी?"

"यंत्राला माणूस कळत नाही हो. खातं गेलं की नाव जातं, आकडा उरतो. आता मालक म्हणून तुमचं नाव घालायचं, मग स्वतःला पूर्ण परवानगी द्यायची."

"म्हणजे बाबांना काढायचं."

"म्हणजे त्यांच्या खुर्चीत बसायचं," तो हळूच म्हणाला. "ती रिकामी ठेवून त्यांना काय बरं वाटणार आहे?"

तिने नाव टाइप केलं. आतल्या फाइलींची नावं पडद्यावरून सरकू लागली... पेत्कोव... रादेवा... जुना पोस्टमन, शाळेतली बाई. गावातले सगळे मेलेले एकेक करून तिच्यासमोरून जात होते, अगदी निमूट.

"तुम्ही जेवला नाहीयेत, चेहऱ्यावर लिहिलंय," दोब्री उठला. "समोरच्या बेकरीतून गरम बानित्सा आणतो, चीज भरलेली. एखादी फाइल अडली तर तिची सिक्युरिटी उघडून बघा. परवानगी असली तरी 'मनाई'वर खूण असेल तर मनाईच जिंकते. मात्र ती आपोआप येत नाही बरं का... कुणीतरी मुद्दाम लावतं."

तो धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

एक फाइल अडलीच. 'कानेव'. अल्बेनाने यादी उघडली. तिच्याच नावापुढे मनाईची खूण होती. बाबांनी केलेली, हाताने. गेलेला बाप पडद्याआडून सांगत होता, पोरी, हे बघू नकोस.

तिने खूण काढली आणि फाइल उघडली.

राखाडी डोळे, तेच हसू. 'दोब्री कानेव. आम्हाला सोडून गेल्याला चाळीस दिवस.' खाली गेल्या वर्षीची तारीख.

आणि त्यानंतरही हा रोज काचेपलीकडून जात होता...

दारावरची घंटा वाजली. आधी धुकं आत आलं, मग तो. "दार लावून घेऊ?"

"नको." ती उठून उभी राहिली. "हात... हात बघू तुमचा."

त्याने गोंधळून हात पुढे केला. बर्फासारखा गार.

"तुम्ही रोज इथून कुठे जाता?"

"पांढऱ्याफटक पडलात की. झालं काय?" त्याने पडद्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. "अरे देवा. आजोबा."

"आजोबा?"

"नाव त्यांचंच ठेवलंय, तोंडही त्यांचंच घेऊन आलोय. आजी हट्टाला पेटली, म्हातारपणचा फोटो नको, हा तरुणपणचाच लावा. वर भेटले तर ओळखू यायला हवेत म्हणे. पत्रकं लागली आणि आजोबांच्या खेड्यात, वर डोंगरात, बायका मला बघून छातीवर क्रूस काढायच्या."

अल्बेनाला हसू फुटलं, आणि डोळेही भरले. मग तिचं लक्ष त्या खुणेकडे गेलं. "पण बाबांनी मलाच का मनाई केली?"

दोब्री बानित्साचा कागद उगीच उलगडत बसला. "पत्रक छापायला आलो तेव्हा ते म्हणाले... हे माझ्या पोरीच्या नजरेला पडता कामा नये. रोज संध्याकाळी ती काचेपाशी उभी असते तुझ्यासाठी. बघितलं तर जागच्या जागी कोसळेल. म्हणून पत्रकंसुद्धा इथे न लावता त्यांनी स्वतः त्या खेड्यात नेऊन चिकटवली."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "म्हणजे तुम्हाला वर्षभर माहीत होतं."

"माझं घर शाळेच्या पलीकडे आहे, अल्बेना. या रस्त्याने मला यावंच लागत नाही."

"मग आत का नाही आलास?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

"भीती वाटायची. मिन्चोकाका गेल्यावर तर जास्तच. आज तुझी पाटी तिरकी होती म्हणून... निदान हात लावायला कारण मिळालं."

मिन्चोंचा फोटो निघाला. दोघांनी मिळून पत्रक दारावर लावलं. त्याने कोपरे धरले, तिने गोंद लावला. बाबा हसत होते, थोडे जास्तच.

आत येऊन ती पुन्हा 'कानेव'च्या फाइलीशी बसली.

"आता काय करतेस?"

"मनाई परत लावते. माझ्या नावावर."

"माझं पत्रक छापायला ही फाइल लागली तर कधी? नाव तेच आहे, नुसती तारीख बदलायची."

"लागली तर छापेल दुसरं कुणी." तिने खूण केली. "मला हे तोंड या कागदावर पुन्हा बघायचं नाही. कधीच नाही."

तिने त्याचा हात हातात घेतला. अजून गारच होता. ऊब यायला बराच वेळ लागला, आणि तोवर तिने तो सोडला नाही.