ताईची डावी किडनी

आपलं माणूस टेबलावर असलं की मशीन चालवायला बसायचं नाही, असा आमच्या विभागात दंडक आहे. त्या दिवशी मी तो धाब्यावर बसवला. माझ्याबरोबरची टेक्निशियन कामाला चोख आहे, पण ताईला तिच्या हाती सोपवायची माझी छाती होईना.

ताईला एकच किडनी. डावी तिनं मला दिली. ती माझ्या पोटात उजवीकडे, खालच्या अंगाला बसवलेली आहे. आता तिच्या उरलेल्या किडनीत गाठ निघाली होती. ती किडनी गेली की ताई जन्माची डायलिसिसवर. डॉक्टर म्हणाले, "सुईनं गाठ जाळता येते, नाहीतर गोठवता येते. आपण गोठवू. बर्फ पडद्यावर दिसतो, कुठे थांबायचं ते कळतं."

सकाळी सुई आधी पाण्याच्या वाटीत बुडवून गोठवणारा गॅस सोडून पाहिला. टोकाभोवती लिंबाएवढा बर्फ धरला. मशीन ठीक होतं. ताई पालथी पडलेली, पाठ तेवढी बधिर केलेली, तोंड मात्र चालू.

"धाकट्या, नीट कर हं. माझ्याकडे दुसरी नाही. होती ती तू पळवलीस."

"गप पड. सांगेन तेव्हा श्वास रोख."

डॉक्टरांनी पाठीतून सुई घातली आणि आम्ही काचेमागे आलो. मी गॅस सोडला. पडद्यावर गाठीभोवती काळसर अंडं उमटायला लागलं, अगदी हवं तिथे. मी माइकवरून विचारलं, "गार लागतंय?"

"छे! सुरू कधी करणार?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. माझ्या पोटात, उजवीकडे खाली, आतून गार लागत होतं. मी मनातल्या मनात एसीला शिव्या घातल्या. असल्या थोतांडावर माझा काडीचा विश्वास नाही.

एकदा गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं, अशी पद्धत असते. पडद्यावरचं अंडं विरघळायला लागलं तशी माझ्या पोटात ऊब परत आली. मी घड्याळाकडे बघत बसलो.

"चला, दुसऱ्यांदा," डॉक्टर म्हणाले.

माझं बोट बटणावर जाईना. भीती वाटली, साफ सांगतो. पण गाठ अर्धवट मेली तर पुन्हा उठते, आणि मग ताईच्या किडनीचं काही खरं नव्हतं.

मी बटण दाबलं.

या वेळी कळ आली. खुर्चीचा हात घट्ट धरला. पोटावर सदऱ्याला हात लावला तर तो ओला, गार.

"अरे, पांढराफटक पडलास. थांबवू या का?" डॉक्टर म्हणाले.

"नको. पूर्ण होऊ दे."

काचेपलीकडे ताई नर्सला माझ्या लहानपणीच्या खोड्या सांगत होती.

महिन्याभरानं तिचा स्कॅन झाला. गाठ गेली होती. मला रडूच फुटलं. पण गोठवलेल्या जागी डाग राहतो, तो पुढे कितीतरी दिवस दिसतो. ताईच्या किडनीवर तो नव्हता. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, "इथे कुणी हात लावलाय असं वाटतच नाही."

मी तडक सोनोग्राफीच्या खोलीत गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बाई, जरा माझं पोट बघता?"

त्यांनी जेल लावून प्रोब फिरवला. मग हात थांबला.

"या किडनीत सुई कधी घातली होती?"

"नाही घातली."

"डाग आहे. ताजा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवायला घेतला, पण वळवला नाही.

ताई माझ्यामागोमाग आली होती. बाहेरून तिचा आवाज आला. "झालं का रे? काय म्हणतेय माझी किडनी?"

"ठणठणीत आहे!" मी ओरडलो.

बाई प्रोब उचलायला गेल्या. तो उचलला जाईना. त्याच्याभोवतीचं जेल गोठून पांढरं पडलं होतं, आणि तो माझ्या कातडीला घट्ट धरून बसला होता.