अहवाल आला की सांगते

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तो बर्फाचा डबा घेऊन आमच्या गोठ्यात शिरला, अन् मी त्याला फैलावरच घेतलं.

"दिवाळीला तुमीच लस टोचली ना? मग गाईच्या तोंडाला ही लाळ कशी? खुरं बघा, सडलीत नुसती. वासरू काल दूध पिता पिता गेलं. सुईत पाणी भरलं व्हतं का?"

"पाणी नव्हतं, ताई." तो खाली बघूनच बोलला. फुलंब्रीच्या जनावरांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर, बद्रीनाथ, गंगापूरकडचा. "लाळ्या-खुरकत दिसतो एकच, पण त्याच्या जाती लई. आपली लस ठरावीक जातींची, अन् गावात आलाय भलताच. गाईच्या जिभेवरच्या फोडाची साल तपासायला पाठवतो. अहवाल आला की जुळणारी लस येईल."

"म्हंजी मॅचिंग चुकलं."

तो बघतच राहिला. मी फुलंब्रीत ब्लाऊजपीसच्या दुकानात कामाला. ट्यूबलाईटखाली जुळलेला हिरवा उन्हात नेला की पोपटी निघतो, हे माझं रोजचंच.

"व्हय, तसंच," म्हणून तो हसला. वासराच्या रिकाम्या दाव्यापाशी मला बी हसू आलं, अन् लगेच माझीच मला लाज वाटली.

गाय वाचली, पण धापा टाकायला लागली. तिला बघायच्या नावानं तो दर आठवड्याला यायचा. 'ताई' कधी गळून पडलं, कळलंच नाय. एकदा तर आईचं जुनं लुगडं घेऊन दुकानात हजर. मी दहा तागे काढले, दारात उन्हात धरून दाखवले.

"खरंच आईनं पाठवलं का तुमाला?"

"नाय..." तो ताग्याकडंच बघत होता. "सुगंधा, आपलं जुळंल का?"

जीव नुसता वरखाली झाला माझा. पण बाप म्हणतो तेच खरं — माझ्या जिभेला हाड नाय.

"अहवाल तर येऊ द्या," मी म्हणलं. "आला की सांगते."

मी थट्टा केली. त्यानं ती खरी धरली. पुढं दोनदा येऊन गेला, अन् दोन्ही बारी मी एवढंच विचारलं, "आला का अहवाल?" लाडानं विचारलं होतं. त्याला कुठून कळावं?

पोळा झाल्यावर तो दुकानात आला. आभाळ गच्च भरलेलं. एका हातात कागद, दुसऱ्यात पिशवी.

"अहवाल आला. जुनी लस जुळत नव्हतीच. नवी आलीय, सकाळीच तुमच्या गाईला टोचली. आता भ्या नाय."

"मग आता मी सांगू..."

त्यानं पिशवीतनं साडी काढली. मोरपंखी, कोरी. "आईनं सिल्लोडची पोरगी ठरवली. लई दिवस थांबलो मी, सुगंधा. तू अहवालच विचारत राहिलीस."

"मला व्हय म्हणायचं व्हतं." जन्मात पहिल्यांदा मी सरळ बोलले.

त्यानं हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणला, "परवा सुपारी फुटली."

आतनं मालक काकासाहेबांचा आवाज आला, "गिऱ्हाईक बघ गं."

मी तागा काढला. ऊन नव्हतं, तरी सवयीनं साडी दारात नेली, कापड तिच्यावर धरलं. धागाभर फरक नव्हता.

"जुळलं," मी म्हणलं, अन् ऐंशी सेंटिमीटर फाडून दिलं.