नूडल, लाडू आणि चालणारा बुक्का

“काकू, लाडूला आज पूजेला नाही बसवलं तर?”

दारात रेणूचा मित्र अमन उभा होता. हातात गाठ मारलेला उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात त्याचा नवा साप, लाडू.

“का रे?”

“तो सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. काहीतरी होतंय त्याला.”

“उकाडा किती आहे बघ! मीसुद्धा बसले असते,” रेणूची आई हसून म्हणाली. “पाच मिनिटांची तर पूजा. चल, आत ये.”

(रेणूची आई म्हणजे मीच. पण गोष्ट मुलांची आहे, म्हणून इथे मी नुसती ‘आई’.)

नागपंचमी खरं तर आठवड्याच्या मधेच होऊन गेली होती. पण इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, सगळे सण शनिवारी येतात! पाटावर टॉवेल अंथरला होता आणि त्यावर नूडल नावाचा केशरी, बिनविषारी कॉर्न स्नेक ऐटीत पडला होता. नूडल रेणूच्या वर्गाचा. सुट्टीपुरता तिने सांभाळायला आणलेला.

“आई, आमच्या टीचर मिसेस केलरनी सांगितलंय, त्याला दुसऱ्या सापाजवळ न्यायचं नाही!”

“अगं, पाटावर जोडी हवी!” शेजारच्या सिद्धेशची आई दीपाकाकू म्हणाल्या. “नाग आणि नागीण!”

“मॉम, दोघंही बॉइज आहेत,” सिद्धेश म्हणाला.

“तू गप्प बस!”

अमनने गाठ सोडली. बॉल पायथन जातीचा तो छोटासा अजगर नूडलशेजारी आला आणि घाबरून गोल गोल गुंडाळून बसला. म्हणून तर त्याचं नाव लाडू! हळद, कुंकू, बुक्का, लाह्या वाहून झाल्या, भरपूर फोटो निघाले. अमन एकाही फोटोत हसला नव्हता. पण ते फोटो नीट बघितले कोणी?

दोनतीन आठवडे गेले. एका सकाळी रेणू ओरडली, “आई! नूडल कालपासून पाण्यातच आहे! आणि त्याच्या अंगावर काळे ठिपके आहेत!”

“पूजेचा बुक्का असेल गं. पुसून टाक.”

रेणूने पुसला. दुसऱ्या दिवशी बुक्का परत हजर! शिवाय खवल्यांवर पिठासारखी पांढरी धूळ. नूडल जेवेनासाही झाला होता.

“अंघोळ करूनही जात नाही, असला कसला बुक्का?” सिद्धेश म्हणाला. “यार, समथिंग इज फिशी!”

“फिशी नाही, स्नेकी!” रेणू म्हणाली आणि एकदम थांबली. दुसरीत असताना तिच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. तेव्हा आई खाली पांढरा कागद घेऊन बसायची, म्हणजे पडलेलं सगळं स्पष्ट दिसायचं.

तिने ओल्या पांढऱ्या पेपर टॉवेलमधून नूडलला अलगद सरकू दिलं. कागदावर काळे कण उमटले. दोघं वाकून जवळून बघू लागले.

“रेणू... बुक्का चालतोय!”

सिद्धेशने एक कण नखाने चिरडला. कागदावर लाल ठिपका! रक्त!

“आऽऽई!”

आरडाओरडा ऐकून दीपाकाकू शेजारून धावत आल्या, त्याही झुरळांचा स्प्रे घेऊन. “सरका! एका मिनिटात साफ करते!”

“नको काकू! नूडलच साफ होईल!” रेणू त्याच्या काचेच्या टाकीसमोर आडवी झाली. सिद्धेशने आईच्या हातातून डबा ओढला आणि सरळ त्यावर बसला. “आता उठवून दाखव!”

तेवढ्यात आईने सापांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “स्प्रे मारला नाहीत हे फार चांगलं केलंत. हे माइट्स आहेत, गोचिडीसारखे बारीक किडे. सापाचं रक्त पितात. एका सापावरून दुसऱ्यावर जातात.”

मग सगळे कामाला लागले! नूडलला डॉक्टरांकडे नेऊन मोजून औषध आणलं. त्याला कोमट, उथळ पाण्यात ठेवलं. टाकीतला लाकडाचा भुसा पिशवीत बांधून बाहेर फेकला, टाकी कडकडीत पाण्याने धुतली आणि तळाला पेपर टॉवेल घातले, म्हणजे एक कणसुद्धा लपायला नको.

“झालं?” सिद्धेशने विचारलं.

“छे! उवा गेल्या तरी लिखा राहतात,” रेणू म्हणाली. “अंडी फुटतील. पुन्हा पुन्हा करायचं!”

“पण हे आले कुठून?”

आईला पूजा आठवली. पाट. टॉवेल. जोडी. आईच्या हातातला स्पंज तसाच राहिला.

“लाडू!” रेणू म्हणाली. “आणि अमन किती दिवसांत खेळायलाच आला नाही!”

आई, रेणू आणि सिद्धेश धावत पार्किंगपलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेली. अमननेच दार उघडलं. त्याच्या खोलीतली टाकी रिकामी होती. पाण्याचं भांडं धुऊन उपडं घातलेलं.

“लाडू गेला,” तो म्हणाला. “मागच्या आठवड्यात.”

“सांगितलं का नाहीस?” रेणूने विचारलं.

“सांगितलं होतं.” त्याने रेणूच्या आईकडे बघितलं नाही. “मला वाटलं, माझ्यामुळे नूडललाही झालं असेल. तुम्ही सगळे रागवाल. म्हणून आलो नाही.”

आई त्याच्याजवळ जमिनीवर बसली. “तुझ्यामुळे नाही रे राजा. तू दारातच सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही.”

अमन तेव्हा रडला. सिद्धेश त्याच्या शेजारी जाऊन बसला.

शाळा उघडली तेव्हा नूडल चकचकीत होऊन वर्गात परतला. “तुम्ही त्याचा जीव वाचवलात!” मिसेस केलर म्हणाल्या. दीपाकाकूंनी तर सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. “आमची पोरं डिटेक्टिव्ह निघाली हो!”

“पण पहिल्यांदा अमनने सांगितलं होतं,” रेणू प्रत्येक दारात म्हणाली.

आता अमन रोज शाळा सुटल्यावर रेणूच्या वर्गात जाऊन नूडलचा पेपर टॉवेल बदलतो. नवा साप घेणार का, असं विचारलं की म्हणतो, “इतक्यात नको.” घेतलाच, तर महिना-दोन महिने त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि दर वेळी हात धुवायचे, हे मात्र त्याने सगळ्यांना बजावून ठेवलंय.

साप ओरडत नाही, नुसता पाण्यात जाऊन बसतो. काही मुलंही अशीच असतात. एकदा हळूच सांगून बघतात, आणि मग येतच नाहीत. तुमच्या खेळात हल्ली कोण दिसत नाही? आठवा. पुस्तक मिटा आणि आत्ताच जाऊन त्याच्या दारावरची बेल वाजवा. जाल ना?