अंगठ्याएवढी माणसं

कात्रपच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अंजनी शाडूची माणसं करायची. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, भाजीवाल्या, वासुदेव, सगळी अंगठ्याएवढी. हात हलका होता, पण कुंचला फिरला की रेघ उमटायचीच, आणि तेवढ्याशा गालावर ती दोरखंडासारखी दिसायची. एअरब्रशचा रंग हवेच्या झोतानं धुक्यासारखा बसतो, हे तिनं ऐकलं होतं. घ्यायला निमित्त मिळत नव्हतं.

ब्याण्णवच्या थंडीत ते खालच्या मजल्यावरच्या दौलतरावांच्या पावलांनी आलं. त्यांची वाडी धरणाच्या पाण्याखाली जाऊन वीस वर्षं होत आली होती. पण त्यांची म्हातारी आई, जनाबाई, रोज दुपार कलली की काठी घेऊन दारात बसायची आणि म्हणायची, "मला घरी नेऊन सोड."

"घर कुठून आनू मी?" दौलतराव म्हणाले. "पोरी, चौरंगावर मावंल येवढी वाडी करून दे. घरं, मानसं, समदी. डोल्याजवल धरलं तरच आयेला दिसतं, तवा त्वांडं नीट कर."

अंजनी आणि तिचा नवरा रघु उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या लछमनदासच्या दुकानात गेले. लछमनदासनं काचेवर दोन एअरब्रश मांडले.

"भाभी, ये जपानी. और ये आपला इधरचा, एकदम सेम टू सेम."

इथल्या बनावटीचा थुंकल्यासारखे ठिपके टाकू लागला. जपानी छान चालला, पण रंगाची बाटली खाली लटकायची आणि रेघ जाड यायची. मग त्यानं खणातून एक जुना, काळपट पडलेला काढला. रंगाची वाटी वरच, दोन थेंब पुरायचे. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. अंजनीनं वर्तमानपत्रावर ओढून पाहिलं. केसाएवढी रेघ आली.

रघु अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. त्यानं एअरब्रशमधली सुई काढून नखावर फिरवली. "सरळ आहे. टोक शाबूत आहे."

"कुणाचा होता हा?" अंजनीनं विचारलं.

"माल आहे भाभी. माल कुठून तरी येतोच."

तिनं तोच घेतला. रघुनं हवेसाठी जुन्या फ्रीजचा कंप्रेसर जोडून दिला. अंजनीनं कातडीसाठी तांबूस तपकिरी रंग दुधासारखा पातळ कालवला आणि एकामागून एक माणसं झोतासमोर धरली. रंग एकच होता, हातही एकच. तरी वाळल्यावर बघते तर एकाचं कपाळ रापलेलं, एकीच्या डोळ्यांखाली जाग्रणाची सावली. पहिल्यांदाच वापरतेय, दाब कमीजास्त झाला असेल, असं ती स्वतःला म्हणाली. पण पुढचं माणूस धरताना तिचा श्वास आपोआप हळू झाला, देवळात होतो तसा.

दौलतराव बघायला आले आणि एक बाहुला उचलून तसेच उभे राहिले.

"ह्यो धाकलू. ह्या गालावरचा चट्टा तुला कोनी सांगला?"

"कोणीच नाही, काका."

"मंग ही पुतलीबाई. ही बनूबाई." त्यांनी बाहुली जपून खाली ठेवली. "मी तुला मानसं करायला सांगली होती. ही मानसं नव्हती सांगली."

दोन दिवसांनी, सकाळीच, त्यांनी जनाबाईला आणलं. तिनं एकेक बाहुला डोळ्याशी नेला, नाव घेतलं आणि चौरंगावरच्या ज्याच्या त्याच्या घराच्या दारात ठेवला. एकदाही चुकली नाही.

शेवटचा ठेवल्यावर खोलीत ओल्या गवताचा वास आला.

मग कुठूनतरी कोंबडी ओरडली. कात्रपच्या त्या तिसऱ्या मजल्यावर.

रघुनं बंद कंप्रेसरवर हात ठेवला. तो गरम होता.

जनाबाई हसली. "चुली पेटल्या," म्हणाली.

अंजनीच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिला भीती अशी वाटतच नव्हती.

त्या दिवसापासून जनाबाईनं घरी नेऊन सोड म्हणणं सोडलं. चौरंगाशी बसायची, माणसांशी बोलायची, पोटभर जेवायची. दौलतरावांनी अंजनीला लुगडं दिलं.

वैशाखात धरणाचं पाणी फार खाली गेलं. "वाडी उगडी पडलीय," दौलतराव सांगत आले आणि अंजनी-रघुला घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळातून जोती वर आली होती, दगडी भिंती कमरेच्या वर उभ्या होत्या. ऊन रणरणत होतं, पाखरूसुद्धा नव्हतं.

पहिल्याच भिंतीपाशी अंजनी थबकली.

दगडांवर तांबूस तपकिरी रंगाचं धुकं बसलं होतं, आणि त्याच्या मधोमध एक जागा कोरी होती. डोकं, खांदे, लोंबणारे हात. फवाऱ्यासमोर काही धरलं की मागच्या कागदावर त्याची कोरी आकृती उरते. हिवाळाभर तिनं तेच पाहिलं होतं. पण ती अंगठ्याएवढी असे. ही पुरुषभर उंच होती.

पुढच्या भिंतीवर एक बाई होती, कडेवर मूल. पलीकडे आणखी. प्रत्येक घराशी, दाराजवळ.

"धाकलू," दौलतराव पुटपुटले. "पुतलीबाई."

रघुनं तिचा दंड धरला. "चल, अंजनी."

तिनं हात पुढे केला आणि भिंतीला बोट लावलं.

रंग अजून ओला होता.