बंद दारांची शिरगणती

शेवगावहून आलेल्या काळीपिवळीतून ग्लोरिया बाभुळवस्तीच्या फाट्यावर उतरली, तेव्हा जानेवारीचं ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली आणि डोक्यात मागच्या आठवड्यातल्या बैठकीचा राग.

राग कसला, किळसच. तालुक्याच्या कचेरीत काकासाहेबांनी पडद्यावर एक उतरती रेघ दाखवली होती. काकासाहेब म्हणजे विस्तार अधिकारी. पोट पुढं, खिशाला दोन पेनं, आणि या वस्तीच्या धुळीला कधीही न लागलेले बूट. वीस वर्षांपूर्वी तेरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलांमागे वर्षाला जितकी मरत, त्याच्या निम्मीच आता मरतात, असा त्या रेघेचा अर्थ होता. टाळ्या झाल्या, सामोसे आले. तोंडातला घास गिळून काकासाहेब म्हणाले, "पोरं आता मरत नाहीत. मग ते हंगामी वसतिगृह कशाला चालवायचं?"

वसतिगृह म्हणजे शाळेच्या दोन खोल्या. आईबाप ऊसतोडीला गेले की वस्तीतल्या मुली तिथं राहून शिकत. ते बंद पडलं तर त्या कुठं जाणार, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. फडात, हातात कोयता घेऊन.

"आकडा निम्मा झाला म्हणून मेलेली पोरं उठून बसतात का?" ग्लोरियानं भर बैठकीत विचारलं होतं. सगळे हसले होते.

ग्लोरिया नगरची, शिक्षकाची मुलगी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून एका संस्थेत कामाला लागलेली. त्या रेघेतली लबाडी तिला बसल्या जागी दिसली होती. इथली पोरं मरत ती परजिल्ह्यातल्या फडांवर. तिथं त्यांची नोंद होत नसे, कारण ती तिथली नव्हती. इथं होत नसे, कारण ती इथं मेली नव्हती. लोकसंख्येत मात्र ती इथंच होती, धडधाकट. असा भागाकार करायला अक्कल लागत नाही, निर्लज्जपणा लागतो. म्हणून ती स्वतः घरोघर जाऊन मोजणार होती.

वस्ती सुनसान होती. दिवाळीनंतर माणसं गेलेली, दारांना कुलपं. काही उंबऱ्यांवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलेला दिसत होता, त्यावर पालथं फुलपात्र. गल्लीच्या तोंडाशी छबूबाई ऊन खात बसली होती. वसतिगृहात राहणाऱ्या पूजाची ही आजी. तिच्या झोपडीला लागूनच तिच्या लेकाचं घर होतं. त्यालाही कुलूप, पण उंबऱ्यावर तांब्या नव्हता.

"आजी, वस्तीतली मुलं मोजायचीत."

"मोज की. मला इचार, समद्यांचं सांगते. पर कुलपाच्या दाराला हाक मारू नगंस."

"का?"

"हाक मारली की त्यास्नी ओ द्यावी लागती. दमून आल्याली असत्यात. निजू द्यावं."

"आणि हे तांबे?"

"दमून आल्यावर पानी नगं व्हय?"

ग्लोरियानं कपाळाला आठी घातली. एकविसावं शतक चालू आहे आणि इथं रिकाम्या घरांना पाणी पाजतात! घराची माहिती त्या घरातूनच घ्यायची, शेजाऱ्याच्या ऐकीव गप्पांवर विसंबायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम. ती तडक पहिल्या दारापाशी गेली आणि कडी वाजवली.

"घरात कोण आहे का?"

वारा पडला होता. कुठंतरी होला घुमत होता, तोही थांबला.

"हाय," आतून आवाज आला. पोरसवदा, घसा बसलेला.

"नाव काय तुझं?"

"ओम."

"वय?"

"सोळा."

"आईवडील?"

"फडावर."

"आणि तुला असं कोंडून गेले?"

ग्लोरिया दाराशी वाकली. दाराच्या फटीतून ओल्या पाचटाचा आंबूस वास आला. ग्लोरियाला जरा चमत्कारिक वाटलं, कारण या कोरड्या माळावर दूरवर उसाचं कांडं नव्हतं. पण ती आधीच संतापली होती. पोरांना कुलपात डांबून जातात! त्या तिरमिरीत तिनं सगळी गल्ली पालथी घातली. ज्या दारापुढं तांब्या, त्या दारातून ओ आली. अमृत, सतरा. सृष्टी, पंधरा. आणखी कितीतरी. आपल्या लेकाच्या दाराकडं तिला वळताना पाहून छबूबाईनं नुसता हात आडवा केला. पूजा वसतिगृहात असते हे ठाऊक असल्यानं ग्लोरियानं ते घर सोडून दिलं.

संध्याकाळी वसतिगृहात पूजा भाकरी थापत होती आणि ग्लोरिया हिशेबाला बसली होती.

"ताई, तुमचं गणित सुटलं का? न्हाई सुटत तर आमच्या सरास्नी इचारा. त्यास्नी बी येत न्हाई."

ग्लोरियाला हसू आलं नाही. मृत्युदर काकासाहेबांच्या आकड्यापेक्षाही खाली आला होता.

"मृत्यू कमी नाहीत गं, मुलंच जास्त भरतायत. घरात कोंडलेली. तो ओम, तो अमृत..."

पूजाचा हात परातीत थांबला.

"कोन ओम? टोकाच्या घरातला? ताई, त्यो तर ट्रॉली पलटली तवाच गेला."

"अमृत?"

"फडावरच्या कोपीत झोपल्याला. पान लागलं, सापाचं."

"सृष्टी..."

"तिचं लगीन लावून दिल्तं. बाळातपनात..." पूजा जाळाकडं बघत राहिली. "तुमी हाक मारली त्यास्नी?"

ग्लोरियाच्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीतीच्याही आधी तिला स्वतःची शिसारी आली. मेलेल्यांना जिवंतांत धरून भागाकार करणारी ती काकासाहेबांहून वेगळी कुठं होती?

"ताई, वसतिगृह बंद करनार म्हनत्यात. खरं का?"

"मी होऊ देणार नाही," ग्लोरिया म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

सकाळी ती पुन्हा त्या टोकाच्या दारापुढं उभी राहिली. आज तिनं प्रश्न बदलला.

"ओम... तुला सोळा होऊन किती वर्षं झाली?"

तिनं कान दाराशी नेला. मग दाराच्या अगदी जवळून, जणू फळीला ओठ टेकवून...

"दोन... हंगाम."

शेजारच्या घरातून न विचारता आवाज आला, "सात." पलीकडून, "चार." एका दारामागून मुलीचा कोवळा आवाज, "म्या मोजलं न्हाई..." सगळी गल्ली हलक्या आवाजात बोलायला लागली आणि पाचटाचा वास इतका दाटला की तिला तोंडाला ओढणी लावावी लागली.

आता भागाकार बरोबर आला. दर वीस वर्षांपूर्वीपेक्षा निम्मा नव्हताच, वर चढला होता.

"दाखले आहेत का मृत्यूचे?" कचेरीत तिचा कागद बघून काकासाहेबांनी दात कोरत विचारलं.

"दाखले द्यायला तुमचं कोण गेलं होतं तिथं? वस्तीवर चला. स्वतः विचारा."

"कुणाला? भुतांना?" ते खदखदून हसले. "येतो की. आमचीही करमणूक होईल."

आले ते पुढच्या आठवड्यात, जेवण उरकून, डोळ्यांवर गॉगल चढवून. फाट्यावर ग्लोरियाला त्यांनी जीपमध्ये घेतलं. शाळेवरून जाताना तिनं बाहेर पाहिलं. वसतिगृहाच्या दोन्ही खोल्यांना कुलूप होतं.

"मुली कुठं आहेत?"

"पाठवल्या. परवाच टेम्पो करून आईबापाकडं फडावर पोचत्या केल्या."

"पण तपासणी आज आहे!"

"तपासणी तुमच्या समाधानासाठी, मॅडम. आदेश कधीच निघालाय."

तिनं पूजाचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही.

गल्लीत काकासाहेबांनी दारोदार काठी आपटत हाका मारल्या. एकाही घरातून ओ आली नाही. त्या पोरांनी एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगायला ती कुणाची बांधील नव्हती.

"काय मॅडम, भुतं सुट्टीवर गेली वाटतं!" घाम पुसत ते म्हणाले. एकच दार राहिलं होतं, छबूबाईच्या लेकाचं. म्हातारी हात आडवा करायला उठेपर्यंत त्यांनी काठी आपटली.

"घरात कोण आहे का?"

होला घुमायचा थांबला.

"हाय," आतून आवाज आला.

काकासाहेब खुलले. "नाव काय, बाळ?"

"पूजा."

"वय?"

"सोळा."

"शाब्बास!" ते ग्लोरियाकडं वळले. चेहऱ्यावर तोच बैठकीतला तुकतुकीतपणा. "पाहिलंत? तुम्ही उगाच बोंबलत होता. पोरगी घरी आहे, धडधाकट आहे. घ्या लिहून, जिवंत एक. चला, उशीर होतोय."

ग्लोरिया कुलपाकडं पाहत होती. कुलपावर दिवाळीपासूनची धूळ बसलेली होती, तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. दाराच्या फटीतून ओल्या पाचटाचा वास येत होता, अजून ताजा.

छबूबाई वळली. ती झोपडीत गेली, काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली आणि तो तिनं लेकाच्या उंबऱ्यावर ठेवला. थेंबही सांडला नाही. वर फुलपात्र पालथं घालायला ती पुन्हा वाकली, तेव्हा तांब्यातलं पाणी निम्मं झालं होतं.